पुरवठा साखळी : खंड व सावरणक्षमता

पुरवठा साखळी : कच्चा माल निर्माण होतो त्या ठिकाणापासून पक्की वस्तू उपभोक्त्याच्या हाती पडेपर्यंत त्या मालावर क्रमाने काम करणाऱ्या उत्पादक, वाहतूकदार, साठवणदार, प्रक्रिया करणारे व व्यापारी यांच्या परस्परावलंबी मालिकेस पुरवठा साखळी असे म्हणतात. या साखळीतून तीन प्रवाह वाहतात : माल पुढे जातो, पैसा मागे येतो आणि माहिती दोन्ही दिशांनी फिरते. यांपैकी कोणताही प्रवाह अनपेक्षितपणे थांबला किंवा एकदम मंदावला, म्हणजे साखळीत खंड पडला असे मानतात. असा आघात सोसून काम चालू ठेवणे आणि काम थांबलेच तर अल्पावधीत पूर्वपदावर येणे, या दुहेरी गुणास साखळीची सावरणक्षमता म्हणता येईल.

सावरणक्षमता आपोआप निर्माण होत नाही. तिच्यासाठी जादा साठा, राखीव यंत्रसामग्री, दुसरा पुरवठादार, दुसरा रस्ता यांवर खर्च करावा लागतो आणि सुरळीत दिवसांत हा खर्च वायफळ भासतो. शिवाय तो करणारा एक आणि खंडाचे नुकसान सोसणारे दुसरेच, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. म्हणून किती सावरणक्षमता राखावी, या प्रश्नाइतकाच तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्नही अर्थशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत या विषयाचे विवेचन करताना मुख्यतः जालना जिल्ह्यातील, त्यातही घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीच्या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. एका लहानशा टापूत ऊस, बियाणे व पोलाद अशा तीन भिन्न प्रकृतींच्या साखळ्या येथे जवळजवळ पाहावयास मिळतात.

संकल्पनेचा विकास : साठा व खर्च यांच्या संबंधाचा गणिती विचार फोर्ड हॅरिस याने १९१३ मध्ये मांडला. मागणी नोंदविण्याचा खर्च आणि साठा बाळगण्याचा खर्च यांची बेरीज किमान होईल इतकाच माल एका वेळी मागवावा, असे त्याचे सूत्र होते. उद्योगाउद्योगांतील देवघेवीचे कोष्टक वासिली लेओंटिएफ याने १९३० नंतरच्या दशकात तयार केले, त्यामुळे एका उद्योगातील तूट इतर उद्योगांत कशी झिरपते हे मोजता येऊ लागले. या कार्यासाठी त्याला १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. उपभोक्त्याच्या मागणीतील किरकोळ चढउतार साखळीत मागे मागे जाताना वाढत जातो, हे जे फॉरेस्टर याने १९६१ मध्ये दाखवून दिले. चाबकाच्या मुठीची लहानशी हालचाल टोकाशी मोठा फटकारा मारते, तसाच हा प्रकार असल्याने त्यास चाबूक-परिणाम असे म्हणतात. ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ ही संज्ञा १९८२ पासून रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कंपनीत ताइइची ओनो याने जो भाग ज्या वेळी लागेल त्याच वेळी तो आणण्याची पद्धत विकसित केली. साठा कमी झाल्याने भांडवल मोकळे झाले, दोष लवकर उघड होऊ लागले आणि ही पद्धत जगभर पसरली. मात्र तिची दुसरी बाजूही त्याच कंपनीच्या अनुभवास आली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी ऐसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारी एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वी तेथूनच येत असल्यामुळे टोयोटाचे बहुतेक मोटार-उत्पादन काही दिवस बंद पडले. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर ती झडप तयार करून दिली, म्हणून काम अल्पावधीत सुरू झाले. म्हणजे साठ्याची उणीव तेथे परस्परसंबंधांनी भरून काढली. मार्च २०११ मधील जपानचा भूकंप व त्सुनामी, त्याच वर्षीचा थायलंडमधील पूर, २०२० ची कोविड-१९ महामारी आणि मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मी. लांबीचे जहाज अडकल्याने सहा दिवस बंद पडलेला सुएझ कालवा, या घटनांनंतर हा विषय उद्योगांच्या कक्षेबाहेर येऊन शासकीय धोरणाचा भाग बनला.

विषय नवा असला, तरी त्यामागील जाणीव जुनी आहे. पेव, बळद आणि कणगी ही मराठवाड्यातील धान्यसाठ्याची पारंपरिक साधने म्हणजे पाऊस चुकल्यास पुढील सुगीपर्यंत तगून राहण्याची घरगुती तरतूदच होय. ज्या प्रदेशात पावसाचा भरवसा नाही, तेथे सगळे पीक लगेच न विकणे हा शहाणपणा समजला जाई. या साठ्यास कीड, ओल व अडकलेला पैसा यांच्या रूपाने किंमत मोजावी लागे आणि ती मोजण्याची ऐपत नसलेल्या घरास दुष्काळाची झळ सर्वांत आधी लागे.

खंडांचे प्रकार : खंडांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. (१) पुरवठ्याकडील खंड : कच्चा माल, पाणी, वीज किंवा मजूर न मिळणे. (२) प्रक्रियेतील खंड : यंत्र मोडणे, आग, संप इत्यादी. (३) वाहतुकीतील खंड : रस्ता, रेल्वे वा बंदर बंद होणे. (४) मागणी व धोरण यांतील खंड : मागणी एकाएकी कोसळणे किंवा भडकणे, निर्यातबंदी, नियमांतील आकस्मिक बदल. कित्येकदा खंड तुटवड्याचा नसून विपुलतेचाही असतो. माल अमाप झाला आणि पुढील कडीची क्षमता तोकडी पडली, तर तो माल नसल्यासारखाच होतो.

खंडाची तीव्रता दोन कालावधींच्या तुलनेने समजते. एखादी कडी निखळल्यावर उरलेली साखळी किती काळ चालू शकते, हा तग धरण्याचा काळ. आणि ती कडी पुन्हा जोडण्यास किती काळ लागतो, हा सावरण्याचा काळ. पहिला दुसऱ्याहून अधिक असेल, तर उपभोक्त्याला खंड जाणवतही नाही. तो कमी असेल, तर दोहोंतील फरकाइतके दिवस नुकसान होते. साखळीतील सर्वांत महाग कडी सर्वांत नाजूक असतेच असे नाही. पुष्कळदा अत्यंत स्वस्त परंतु पर्याय नसलेली कडीच सर्वांत घातक ठरते.

उसाची साखळी : तीर्थपुरीच्या परिसराला गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचा आधार आहे. पैठण येथील या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये ते कार्यान्वित झाले. डावा कालवा २०८ किमी. लांबीचा असून तो छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना व परभणी या जिल्ह्यांतून जातो. कालव्याच्या पाण्यामुळे या भागात ऊस वाढला आणि उसामागोमाग सहकारी साखर कारखाने आले. अंबड तालुक्यातील अंकुशनगर येथील समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ‘सागर’ या नावाने ओळखले जाणारे दुसरे केंद्र तीर्थपुरी येथे आहे.

उसाच्या साखळीचे मुख्य वैशिष्ट्य असे की, तिच्यात साठा करता येत नाही. तोडलेल्या उसातील साखर लवकर घटू लागते, म्हणून तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांत त्याचे गाळप व्हावे लागते. म्हणजे तोडणी, वाहतूक व गाळप या तीन कड्यांचा तग धरण्याचा काळ जेमतेम एक दिवस असतो. कारखाना बंद पडला तर गव्हाणीसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि रांगेतल्या उसाचे वजन व उतारा दोन्ही घटतात. तोडणी थांबली तर गव्हाण रिकामी राहते. याउलट लागवडीपासून तोडणीपर्यंतचा काळ फार मोठा असतो. सुरू उसाला सुमारे बारा, पूर्वहंगामी उसाला चौदा-पंधरा आणि आडसाली उसाला सोळा ते अठरा महिने लागतात. आज लावलेला ऊस तोडणीस येईल तेव्हा धरणात पाणी किती असेल, साखरेला भाव काय असेल आणि तोडणीला टोळी मिळेल की नाही, यांपैकी काहीही लागवडीच्या वेळी ठाऊक नसते. दीर्घ प्रतीक्षा आणि अखेरीस अत्यल्प अवधी, अशा जोडीमुळे ही साखळी स्वभावतःच ताठर आहे.

या ताठरपणाचे दोन्ही परिणाम अलीकडील काही हंगामांत दिसून आले. २०१८ मध्ये पाऊस अपुरा झाला व महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. राज्याचे साखर-उत्पादन २०१८–१९ मध्ये सु. १०७ लाख टन होते. ते दुष्काळ व त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात आलेला पूर यांमुळे २०१९–२० मध्ये सु. ६२ लाख टनांवर उतरले. त्यानंतर सलग चांगला पाऊस झाल्याने शेतकरी पुन्हा उसाकडे वळले आणि २०२१–२२ मध्ये उत्पादन सु. १३७ लाख टनांवर गेले. त्या वर्षी मराठवाड्यात उसाचे क्षेत्र कारखान्यांच्या गाळपक्षमतेच्या पलीकडे वाढले. एरवी मार्च-एप्रिलमध्ये संपणारा हंगाम जूनपर्यंत लांबला, उभ्या उसाला तुरे आले, वजन घटले आणि जालना, बीड आदी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तोडणीसाठी विनवण्या कराव्या लागल्या. हा अतिरिक्त ऊस दूरच्या कारखान्यांकडे नेता यावा म्हणून शासनाने ५० किमी.पलीकडील अंतरासाठी दर टनामागे दर किमी.ला ५ रुपये वाहतूक-अनुदान आणि उशिरा गाळलेल्या उसाच्या घटलेल्या उताऱ्यापोटी टनामागे २०० रुपये अनुदान जाहीर केले. दोन हंगामांपूर्वी ज्या साखळीत ऊस नव्हता, त्याच साखळीत आता उसाला गिऱ्हाईक नव्हते.

यात आणखी एक तत्त्व दिसते. संकटकाळी शेजारचा कारखाना ऊस घेईल, ही अपेक्षा शेजारच्या कारखान्यापुढे तेच संकट नसेल तरच फलद्रूप होते. २०२२ मध्ये सर्वांच्याच गव्हाणी भरलेल्या होत्या. पर्याय तेव्हाच पर्याय ठरतो, जेव्हा मूळ कडीवर पडणारा आघात त्याच्यावर एकाच वेळी पडत नाही. एकाच भूजलावर खोदलेल्या दोन विहिरींना दोन स्वतंत्र आधार मानता येत नाही. कडक उन्हाळ्यात त्या बरोबरच आटतात.

सावरणक्षमतेचा हिशोब : राखीव तरतूद करणे किफायतशीर आहे किंवा नाही, हे ठरविण्याची सोपी कसोटी अशी की, तरतुदीचा वार्षिक खर्च हा खंडाची वार्षिक संभाव्यता व त्यामुळे होणारे नुकसान यांच्या गुणाकारापेक्षा कमी असावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कारखान्याने गिरणीचा एक महत्त्वाचा सुटा भाग राखीव ठेवला, तर व्याज व घसारा मिळून वर्षाला दीड लाख रुपये खर्च येतो. तो भाग जवळ नसताना मोडला, तर गाळप सहा दिवस थांबते व कारखान्याचे ४८ लाख रुपये बुडतात. अशी मोडतोड चाळीस वर्षांतून एकदा होते असे धरल्यास कारखान्याचे सरासरी वार्षिक नुकसान १ लाख २० हजार रुपये भरते. दीड लाख खर्चून १ लाख २० हजार वाचविणे हे केवळ कारखान्याच्या ताळेबंदापुरते पाहिल्यास तोट्याचे आहे, म्हणून व्यवस्थापक तो भाग घेणार नाही.

परंतु त्या सहा दिवसांत तोडलेला ऊस वाळतो व उभा ऊस लांबतो; त्यामुळे ऊस-उत्पादकांचेही समजा २० लाख रुपयांचे नुकसान होते. चाळिसांत एक या संभाव्यतेने त्याची वार्षिक सरासरी ५० हजार रुपये येते. दोन्ही नुकसाने एकत्र केल्यास बेरीज १ लाख ७० हजार रुपये होते व दीड लाखाची तरतूद योग्य ठरते. म्हणजे प्रत्येकाने आपापल्यापुरता हिशोब अचूक केला, तरी साखळीच्या दृष्टीने निर्णय चुकीचा येऊ शकतो. यास अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. सावरणक्षमतेची तरतूद बहुधा समाजास हवी त्याहून कमी होते, याचे हे मूलभूत कारण आहे.

सहकारी संस्थेत ऊस-उत्पादक हाच कारखान्याचा सभासद असल्यामुळे वरील दोन्ही नुकसाने तत्त्वतः एकाच घराच्या वहीत येतात व योग्य निर्णय होण्याची शक्यता वाढते. सहकाराचा हा लाभ फारसा ध्यानात घेतला जात नाही. तथापि तो सभासदांपुरताच मर्यादित आहे. ऊस तोडणारे मजूर सभासद नसतात. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) इ. जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून हे मजूर मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडतात. पती-पत्नीच्या जोडीस एक कोयता धरून उचल दिली जाते व ती टनामागील मजुरीतून फेडावयाची असते. गाळप थांबले की मजुरी थांबते. उचल मात्र फिटल्यावाचून राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर गावापासून दूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने परवानगी दिल्यावर त्यांना परतता आले.

बियाण्यांची साखळी : जालना हे भारतातील बियाणे-उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली व पुढे अनेक बियाणे-कंपन्यांची येथे वाढ झाली. बियाणे साठविता येते, परंतु त्याची मागणी वर्षातून काही आठवड्यांपुरतीच असते. मृगाचा पाऊस झाल्यावर पेरणीचा वाफसा मिळतो. त्या वेळी बियाणे उगवले नाही, तर महिनाभराने आलेले उत्तम बियाणेही निरुपयोगी ठरते. शिवाय पुढील हंगामाचे बियाणे आधीच्या हंगामात तयार व्हावे लागते, म्हणून येथे आघात व त्याचा परिणाम यांत बराच काळ जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसात सोयाबीन भिजले आणि बियाण्याची उगवणशक्ती घटली. त्याचा प्रत्यय आठ महिन्यांनी, जून २०२० मध्ये आला. मराठवाड्यात व अन्यत्र पेरलेले सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने शेतकऱ्याला घरचे चांगले बियाणे निवडून, उगवणशक्ती तपासून वापरता येते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणशक्ती आवश्यक मानली जाते आणि गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ती घरच्या घरी पाहता येते. विकतचे बियाणे हा मुख्य मार्ग आणि घरचे बियाणे हा राखीव मार्ग, अशी ही स्वस्त व्यवस्था आहे. मात्र काढणीच्या वेळचा पाऊस दोन्ही साठ्यांवर एकाच वेळी पडतो. म्हणून आधीच्या वर्षीचा काही साठा किंवा अन्य जिल्ह्यांत व उन्हाळी हंगामात घेतलेले बीजोत्पादन हाच खरा स्वतंत्र पर्याय होय.

खतांच्या बाबतीत साखळी देशाबाहेर पोहोचते. पालाशयुक्त खतांसाठी भारत जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून आहे. बेलारूसवरील निर्बंध आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेले रशिया-युक्रेन युद्ध यांमुळे पालाशाचा पुरवठा आटला व भाव भडकले. घनसावंगीच्या बाजारात पोत्याची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्याचा संबंध अशा रीतीने पूर्व यूरोपातील खाणींशी येतो.

पोलादाची साखळी : जालना शहर बांधकामाच्या सळयांसाठी प्रसिद्ध आहे. येथील भट्ट्या मुख्यतः भंगार व स्पंज लोह यांवर चालतात. भंगाराचा काही भाग परदेशांतून मुंबई परिसरातील बंदरांमार्गे येतो, स्पंज लोह इतर राज्यांतून येते आणि भट्टीला विजेचा अखंड पुरवठा लागतो. भंगार व सळया दोन्ही साठविता येतात, त्यामुळे मालाच्या बाबतीत ही साखळी उसाच्या मानाने पुष्कळच सोशीक आहे. तिचा नाजूकपणा अन्यत्र होता, हे २०२० मध्ये उघड झाले. उत्तर व मध्य भारतातून आलेल्या मजुरांवर हा उद्योग मोठ्या प्रमाणावर अवलंबून होता. टाळेबंदीत भट्ट्या थांबल्या. भंगार आवारात सुरक्षित राहिले. मजुरांची रोजी मात्र बंद झाली. जालन्यातून लोहमार्गाने पायी निघालेल्या मध्य प्रदेशातील मजुरांपैकी सोळा जण ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडनजीक रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. ती मालगाडी धावत होती, कारण मालाची वाहतूक चालू ठेवण्याची तरतूद होती; माणसांच्या परतीची तरतूद त्या मजुरांपर्यंत पोहोचली नव्हती. साखळीच्या सावरणक्षमतेचा विचार मालाच्या साठ्यापुरता करणे किती अपुरे आहे, हे या घटनेवरून कळते.

उपाय : सावरणक्षमता वाढविण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत. (१) साठा : सर्वांत जुना व सोपा, परंतु नाशवंत मालास निरुपयोगी. (२) अनेक पुरवठादार : मार्च २००० मध्ये अमेरिकेतील आल्बुकर्क येथील फिलिप्सच्या कारखान्यास आग लागून दूरध्वनीसंचातील चकत्यांचा पुरवठा थांबला, तेव्हा नोकियाने तातडीने अन्य कारखान्यांतून माल मिळविला, एरिक्सनजवळ पर्याय नसल्याने तिचे सु. ४० कोटी डॉलरांचे नुकसान झाले. (३) राखीव क्षमता : एरवी बंद असणारी यंत्रे, जादा वाहने, जादा टोळ्या. (४) पर्यायी मार्ग : जालन्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये व जून २०२५ मध्ये संपूर्णतः खुला झाल्याने रेल्वे व जुने रस्ते यांना एक जोड मिळाली. (५) उत्पादनातील लवचीकता : उसाच्या रसापासून साखर की इथेनॉल, हे भावानुसार ठरविता आल्यास कारखाना एका बाजाराच्या मंदीत दुसऱ्याचा आधार घेऊ शकतो. (६) माहिती : ऊसनोंद, पाणीसाठा, वाहनांच्या पाळ्या यांची खरी माहिती सर्व कड्यांना वेळेवर मिळाल्यास चाबूक-परिणाम सौम्य होतो. यासाठी खर्च सर्वांत कमी येतो, परंतु परस्परविश्वास सर्वांत अधिक लागतो. (७) विमा व करार : यांनी खंड टळत नाही, परंतु नुकसानीची वाटणी होते.

शासनाची भूमिका : बाह्य परिणामांमुळे जी तरतूद खाजगी निर्णयांतून होत नाही, ती शासनाने करावी किंवा करावयास लावावी, असे सामान्यतः मानले जाते. भारतीय अन्न महामंडळाची १९६५ मध्ये झालेली स्थापना व केंद्रीय धान्यसाठा हे याचे ठळक उदाहरण होय. २०१५ पासूनच्या निकषांनुसार दर १ जुलै रोजी देशात ४११·२ लाख टन धान्य साठ्यात असणे अपेक्षित आहे. पाण्याच्या बाबतीत जायकवाडी हे गोदावरी खोऱ्याच्या खालच्या अंगास असल्याने त्याचा साठा नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांवर अवलंबून असतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ आणि प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश यांनुसार, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व ठरले. खंडाचे नुकसान नदीच्या कोणत्या काठाने किती सोसावे, याचाच हा निवाडा आहे आणि म्हणूनच तो दर तुटीच्या वर्षी वादग्रस्त होतो.

आयत्या वेळच्या उपायांची किंमत फार मोठी असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सु. पाच लाख लिटर पाणी होते. तहानलेल्या शहराला त्याने आधार दिला, परंतु अशा पाण्यावर शेती वा उद्योग चालू शकत नाही.

शासकीय धोरण हेही खंडाचे कारण बनू शकते. साखर-उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्र शासनाने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मनाई केली. काही दिवसांतच ती अंशतः शिथिल केली व ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठविले. ज्या कारखान्यांनी लवचीकतेसाठीच कर्ज काढून आसवन्या उभारल्या, त्यांची लवचीकता या काळात अडकून पडली. उपभोक्त्याचे हित जपण्यासाठी असा निर्णय घ्यावा लागला, तरी नियमांची स्थिरता हा सावरणक्षमतेचा एक घटक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मर्यादा व मूल्यमापन : प्रत्येक खंडानंतर स्वयंपूर्णतेची मागणी जोर धरते. दूरवरच्या साखळीचे धोके खरे आहेत. तथापि केवळ स्थानिक साखळीही सुरक्षित नसते. जो टापू एकाच पावसावर व एकाच कालव्यावर जगतो, त्याला त्याच टापूतील साठा दुष्काळात तारू शकत नाही. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राला बाहेरून आलेल्या धान्याने व रोजगार देणाऱ्या कामांनी तगविले. म्हणून व्यापार हाही सावरणक्षमतेचा एक मार्गच होय. जवळच्या व दूरच्या आधारांचे योग्य मिश्रण करणे, हे खरे कौशल्य समजले पाहिजे.

सावरणक्षमतेचे यश दिसत नाही, ही तिची मोठी अडचण आहे. न घडलेल्या नुकसानीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. जादा साठ्यावरील व्याजाची मात्र दरवर्षी होते. त्यामुळे चार वर्षे चांगली गेली की राखीव तरतुदींवर प्रथम कात्री चालते. खंड आल्यावर तिची किंमत मोजणारे लोक बहुधा साखळीच्या सर्वांत टोकाशी असतात : रांगेत वाळणाऱ्या उसाचा मालक, दुबार पेरणी करणारा कोरडवाहू शेतकरी, उचल अंगावर घेतलेला ऊसतोड मजूर. त्यांच्या नुकसानीचा आकडा निर्णय घेणाऱ्यांच्या हिशोबात अगोदरच धरला गेला, तर वर दिलेल्या उदाहरणातल्या १ लाख २० हजारांचे १ लाख ७० हजार होतात आणि एरवी खर्चिक भासणारी तरतूद परवडणारी ठरते.